एकशे ब्याण्णव आकडे

बायजाआत्या कोणाचं काही विसरत नसे, आणि मोजल्याशिवाय काही लक्षात ठेवत नसे. तिला अक्षरओळख नव्हती. आकडे वीसपर्यंत येत, त्यापुढे ती विसांनी मोजी. एक वीस भरले की एक बोट दुमडायचं, दुसरे भरले की दुसरं. भाताचे भारे, कोंबडीची अंडी आणि तिच्याशी कोण किती वेळा वाईट वागलं, या सगळ्याला तिची एकच पद्धत. "लग्नाच्या वर्षी सखूनं मला तीनदा उष्ट्या तांब्यातनं पाणी दिलं," असं ती तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल सांगायची, आणि ते तीनदाच असायचं. रागाच्या भरात चारदा म्हणून तिने कोणावर अन्याय केला नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, तिचं घर सोडून अडतीस घरांचं एक गाव आहे, तिथे दिलेली. मी पाच वर्षांचा असताना तिने मला वीज मोजायला शिकवली. लहानपणी गुरांमागे डोंगरावर फिरताना ती शिकली होती. वीज चमकली की मोजायला लागायचं आणि गडगडलं की थांबायचं. "वीस झालं तर लांब हाय, चरूंदे ढोरं. पाच झालं तर खाली उतर. एकबी नाय झाला तर मोजायला तू नाय." पुढे मी शिक्षक झालो, आवाज सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो हे पुस्तकात वाचलं, तेव्हा मला नवं असं काही कळलं नाही. फक्त आत्याच्या आकड्यांना फूट मिळाले.

आत्याच्या यजमानांना आम्ही आतोबा म्हणत असू. कमी बोलणारा, खाली बघून चालणारा माणूस. गावकीचा पुढारी होता नाना. मोठं घर, मोठा आवाज, आणि देवीच्या पालखीपासून कोणाच्या पोरीचं लग्न कुठे करायचं इथपर्यंत सगळ्यात त्याचा शब्द शेवटचा. नानाच्या धाकट्या भावाने सरकारी रानातले साग तोडले. प्रकरण महाडच्या कोर्टात गेलं. आतोबांचं शेत रानाला लागून, म्हणून त्यांना साक्षीला बोलावलं. आदल्या रात्री गावकीने ठरवून दिलं होतं की कोणी काही पाहिलं नाही. कोर्टात आतोबांना विचारलं, झाडं किती तोडली? आतोबा म्हणाले, अकरा. कारण ती अकरा होती. भावाला तीन महिन्यांची सजा झाली आणि आतोबांचं घर वाळीत पडलं.

वाळीत पडणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. विहिरीवर पाणी नाही, चुलीला विस्तव नाही, लावणीला माणूस नाही, देवळाची पायरी नाही, आणि समोरून येणारा माणूस आपल्यामागच्या झाडाकडे बघत निघून जातो. आत्या वहाळावरून पाणी आणू लागली. मी बाजूच्या खोऱ्यातल्या शाळेत नव्याने लागलो होतो. सरकारी नोकर म्हणून मला गावकीची आडकाठी नव्हती. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास चालून मी आत्याकडे जायचो आणि सोमवारी पहाटे परत निघायचो. मीच बोलायला भेटलेलं एकमेव माणूस असल्यासारखी आत्या माझ्याशी बोलायची, आणि ते खरंच होतं. आतोबा बोलायचे नाहीत. "सायब विचारला, मी सांगितला," एवढंच ते एकदा म्हणाले.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात आतोबा तापाने गेले. आमच्याकडे कोणी गेलं की घरटी एक लाकूड येतं. सांगावं लागत नाही. गरिबातला गरीब माणूसही आपलं एक लाकूड खांद्यावर टाकून नदीकडे चालू लागतो. त्या दिवशी अडतीसातलं एकही घर उघडलं नाही. पाऊस सुताच्या धारेने पडत होता. वडील, मी आणि आतोबांचा परगावचा एक चुलतभाऊ, तिघे गडी. आत्याने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग पदर खोचला आणि गोठ्याचं छप्पर उतरवायला घेतलं. वासे, आडवं, मेढी, कोरडं होतं ते सगळं आम्ही काढलं. बैल आणि म्हैस पावसात उभे राहिले. तिरडीला चौथा खांदा नव्हता, तो आत्याने दिला. बाई खांदा देत नाही, नदीवर जात नाही. ती मागच्या उजव्या कोपऱ्याला उभी राहिली, तिरडी खांद्यावर आणि आगीचं मडकं डाव्या हातात. नदी पाऊण मैल. तिने एकदाही खांदा बदलला नाही, बदलायला कोणी नव्हतंच. वाटेवरच्या घरांची दारं लोटलेली होती, पण फटी होत्या.

तेरावा झाल्यावर ती देवीच्या देवळासमोर गेली. पायरीला बंदी, म्हणून रस्त्यावरच उभी राहिली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं घातलं. "आई, घरटी एक लाकूड गावानं दिला नाय. अडतीस हायेत. माझा मी मोजलाय. आता तू मोजून घे." एवढं बोलून घरी आली आणि म्हशीचं दूध काढलं. तिने कोणाला शिव्याशाप दिले नाहीत, याची गावाला जास्त भीती वाटली असावी. भीती वाटली म्हणून ते हसायला लागले. वहाळाच्या वाटेवर बायका लांबून विचारायच्या, "काय गो बायजे, कुठवर पोचली तुझी देवी मोजत?"

"आठवर," आत्या घडा खाली न ठेवता म्हणायची. "तुझं घर नववं."

मला तिचं हे वागणं तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. क्षमा मोठी गोष्ट आहे असं मी वर्गात शिकवलं आहे, पाठ्यपुस्तकात होतं म्हणून. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी गोठा उतरवून माणूस जाळलेला नसावा. आत्याचं म्हणणं साधं होतं. "देव इसरंल. त्याला लय कामं. मी नाय इसरनार."

त्याच वर्षी मार्गशीर्षात ती उल्का दिसली. शनिवार होता. मी नुकताच पोचून पाय धुतले होते. दिवेलागण होऊन अर्धा तास झाला असेल. आत्या अंगणात सूप घेऊन नाचणी पाखडत होती आणि मी ओटीवर बसलो होतो. अंगणात एकदम पांढरा उजेड पडला. दिवसासारखा नव्हे, दिवसाच्या उजेडात इतका हिरवटपणा नसतो. सुपातली नाचणी दाणा दाणा दिसली. अंगणातल्या मेढीची सावली काळी कुळकुळीत पडली आणि घड्याळाच्या काट्यासारखी जमिनीवरून फिरली. मी वर पाहिलं. पश्चिमेकडून आगीचा एक गोळा येत होता, चंद्राएवढा मोठा नसेल, पण चंद्राकडे बघता येतं तसं त्याच्याकडे बघवत नव्हतं. मागे लाल शेपूट. डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकत तो पूर्वेकडे गेला, त्याचे तीन तुकडे झाले, आणि गावाच्या पूर्वेला डोंगराची जी धार आहे तिच्यामागे तिन्ही बुडाले. धारेचा काठ क्षणभर पेटल्यासारखा दिसला. सगळं मिळून सहा सेकंद. वर आकाशात एक फिकट रेघ राहिली, वाकडी होत गेलेली.

आवाज काहीच नव्हता. सगळ्या वाडीतून ओरडा उठला. बाया रडायला लागल्या, कोणीतरी देवळातली घंटा बडवू लागला. मी ओटीवर उभा होतो आणि मोजत होतो. ठरवून नव्हे, पाच वर्षांचा असल्यापासूनची सवय. साठ-सत्तरच्या पुढे गेल्यावर माझं लक्ष आत्याकडे गेलं. ती अंगणाच्या मधोमध उभी होती. सूप खाली ठेवलेलं, ओठ हलत होते, आणि डाव्या हाताची तीन बोटं दुमडलेली. मग चौथं दुमडलं. गावात प्रलय चाललेला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत मोजत होतो. एकशे ब्याण्णवला आवाज आला. लाकडी पुलावरून लांब कुठेतरी बैलगाडी जावी तसा गडगडाट, त्यात दोन ठोके. फळीवरची भांडी किणकिणली.

"किती रे?" आत्याने विचारलं.

"एकशे ब्याण्णव."

"माझं नऊ विसा नि धा. बोटं दुमडताना दोन गेलं असतील." तिने धारेकडे पाहिलं. "मंजे लांब गेलं."

"पुष्कळ लांब."

ती परत खाली बसली आणि सूप उचललं.

रात्री मी आकडेमोड केली. एकशे ब्याण्णव गुणिले अकराशे, दोन लाख अकरा हजार दोनशे फूट. मैलाच्या फुटांनी भागलं तर बरोबर चाळीस मैल. भाग इतका नि:शेष गेला की मला संशय आला, म्हणून पुन्हा केलं. सोमवारी शाळेच्या घड्याळावर माझं मोजणं तपासलं. माझ्या साठ आकड्यांना एकसष्ट सेकंद लागतात, म्हणजे फरक पाऊण मैलाचा. गोळा घाट ओलांडून देशावर कुठेतरी गेला होता. पुढच्या आठवड्यात शाळेच्या कामाने महाडला गेलो, तेव्हा एसटीच्या थांब्यावर विचारलं. नाते गावचा एक माणूस म्हणाला, आमच्या डोंगरामागे पडला. वरंधचे दोघे म्हणाले, आमच्या घाटातच, अगदी वळणावर. प्रत्येकाच्या पूर्वेला एक डोंगर आहे, आणि प्रत्येकाच्या डोंगरामागे तो पडला होता.

आमच्या धारेखाली, गावापासून मैलभरावर, नानाची डोंगरउताराची वरकस जमीन होती. रविवारी सकाळीच माणसं तिथे चढून गेली. गवताचा एक पट्टा जळलेला सापडला. मी त्याच दिवशी पावलांनी मोजला, एकतीस बाय चौदा. राखेवर दवाचे थर बसून ती जमून गेली होती, म्हणजे आठवडाभर जुनी. नानाच्याच गड्याने पाला जाळला असणार. मध्ये एक काळा दगड होता. आमच्या अख्ख्या डोंगरात काळ्याखेरीज दगड नाही. पण दुपारपर्यंत त्याला कुंकू लागलं. देवीने मोजणी सुरू केली, आणि पहिलं घर नानाचं, असं संध्याकाळपर्यंत ठरलं. उजेड आणि आवाज एकदमच झाले, असंही दोन दिवसांत सगळ्यांना आठवू लागलं. खोटं बोलत नव्हते. मोजलं नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या रविवारी नाना आत्याच्या अंगणात आला. वाळीत टाकलेल्या घराच्या अंगणात पुढाऱ्याने पाय ठेवायचा म्हणजे त्याचाच नियम मोडायचा, म्हणून तो अंगणाच्या कडेला, अर्धा आत अर्धा बाहेर, उभा राहिला. दाढी वाढली होती. पंधरा दिवसांत माणूस इतका उतरतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. आत्या ओटीवर लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"मास्तर," तो माझ्याशी बोलला, "महाडात एक डॉक्टर म्हनला, ह्या असल्या वस्तू शंभर शंभर मैलांवर पडतात. दिसतात जवळ. खरं काय?"

"दिसतात जवळ," मी म्हणालो.

"मग ही कुठं पडली? तुम्ही मोजमापवालं. गाव मनाला येल ते बोलतो. मला झोप नाय. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

"उजेडानंतर आवाज किती वेळाने आला, ते मोजलं तर कळतं."

"तुम्ही मोजला?"

"मोजला."

तो एक पाऊल आत आला. एका खऱ्या आकड्याने तो माणूस सुटणार होता. हे त्यालाही कळत होतं, मलाही, आणि लसूण सोलणारे हात थांबले म्हणजे आत्यालाही. मला आतोबा आठवले नाहीत. मला पावसात उभी असलेली म्हैस आठवली.

"पाच," मी म्हणालो.

मी त्याला हिशेबही करून दाखवला. अंगणातल्या मातीत काडीने लिहून. पाच गुणिले अकराशे, साडेपाच हजार फूट. एक मैल आणि वर थोडं. गुणाकार, भागाकार सगळं बरोबर होतं. नानाला चौथीपर्यंतचं येत होतं, त्याने वाकून तपासलं. मग धारेकडे बघितलं, मनातल्या मनात अंतर लावलं, आणि निघून गेला.

आत्याने उरलेला लसूण सोलला. मग म्हणाली, "पाच काय रे बापू? आपलं तर नऊ विसा."

"हो."

"तुझ्या आतोबानं अकराचं अकरा सांगितलं." तिने लसणाची सालं गोळा केली. "बरं केलास. पन ह्ये एकच. दुसरा खोटा आकडा माझ्या घरात बोलायचा नाय."

चौथ्या दिवशी गावकी बसली आणि नानाने स्वत: वाळीतली बंदी उठवली. पाच पंच नारळ घेऊन आले. आत्याने नारळ घेतला नाही. माफी मागायला लागले तेव्हा ती म्हणाली, "माफी नको. लाकूड द्या. घरटी एक." एका संध्याकाळी ती सगळी माणसं रांगेने आली. उजेड असतानाच, एकेकाच्या खांद्यावर एकेक. नाना सगळ्यांत पुढे होता आणि त्याचं लाकूड सागाचं होतं. आत्या दारात उभी राहून बोटं दुमडत होती. सदतीस भरली. अडतिसावं घर मुंबईला होतं. ते शिमग्याला आलं तेव्हा, बाडबिस्तरा खाली ठेवायच्या आत, आत्याने त्यांच्या दारात निरोप पाठवला. त्या लाकडांचा तिने गोठा उभा केला. नानाचा साग उंबऱ्यात आडवा घातला, गुरांच्या खुरांखाली.

गावाशी ती त्यानंतर बोलायची, लग्नाकार्याला जायची, आजाऱ्याला पेज न्यायची. नानाच्या घरची वाट तिने कधी धरली नाही. नानाने ती वरकस जमीन पुन्हा कसली नाही. दर अमावास्येला दगडापुढे नारळ फोडायचा. माणसांत बसला की मध्येच उठून आकाशाकडे बघायचा. गावकी हळूहळू दुसऱ्यांच्या हातात गेली. तीन वर्षांनी मुलाने त्याला मुंबईला नेलं, आणि तिथेच तो गेला. ही बातमी मीच आत्याला सांगितली.

"लाकूड कुठनं आनलं?" तिने विचारलं.

"वखारीतून. मुंबईत तसंच आणतात."

"मानसं किती हुती?"

"चौदा, म्हणतात."

"आमच्याकडं तीन," ती म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून गोठ्याकडे गेली. तिला आनंद झाला का, हे मी सांगू शकत नाही. त्या दिवशी तिने गूळ घालून चहा केला, आणि एरवी ती गूळ घालत नसे.

ती स्वत: गेली ती वैशाखात, उभ्या उन्हात, शेतातल्या भाजावळीच्या कामातून येऊन ओटीवर टेकली आणि तशीच. मी शाळेतून पोचलो तेव्हा लाकडं नदीवर गेलेली होती. येता येता मी ती मोजली. अडतीस. नानाचा मुलगा सुट्टीवर गावी आलेला होता, तोही आपलं लाकूड टाकून परत आला होता. चांगला मुलगा, गिरणीत कामाला, त्या श्रावणात तो गावातही नव्हता. तिरडी बांधत असताना तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"गुरुजी, एक विचारू? बाबा शेवटी इस्पितळात होते. कायपन वाजला, दरवाजा, भांडा, की पाचपर्यंत मोजायचे. मग घाबरायचे. आई म्हनते, आकडा तुम्ही सांगितलेला."

"मीच."

"तो बरोबर हुता?"

त्याच्या बापाला आता त्या उत्तराचा काही उपयोग नव्हता. मुलाला झाला असता. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. खरं सांगायला हरकत अशी कोणतीच नव्हती, आणि आत्याने मला तिच्या घरात दुसरा खोटा आकडा बोलायला मनाई केली होती.

"पुढे हो," मी म्हणालो. "मागचा उजवा खांदा घे."

तो उठला आणि त्याने तिरडीचा तो कोपरा उचलला. आगीचं मडकं माझ्या हातात होतं, मी पुढे चाललो. ऊन फार होतं. नदीपर्यंत खांदेकरी दोनदा बदलले, माणसं पुष्कळ होती. दोन्ही वेळा कोणीतरी त्याच्या जागी यायला पुढे झालं, आणि दोन्ही वेळा मी मागे वळून त्यांना हाताने थांबवलं.